मारुसीचा पाणक्या

डिसेंबर-जानेवारी आला की गावोगावच्या चौकांत मॅरेथॉनचे फलक लागतात. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर कुठे तीन किलोमीटर, कुठे पाच, कुठे दहा असतं. त्यात बिघडत काही नाही, माणसं घराबाहेर पडतात हेच पुष्कळ. बीडमध्ये पहाटे साडेपाचला रस्त्यावर आलात तर दोन प्रकारची माणसं भेटतील. एक पोलीस भरतीसाठी घड्याळ लावून पळणारी पोरं-पोरी, आणि दुसरी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवल्यावर नाइलाजाने फिरायला निघालेली मंडळी. अलीकडे या दुसऱ्या गटातलेही काही जण धावू लागले आहेत आणि दोन-तीन आठवड्यांच्या तयारीवर थेट एकवीस किलोमीटरला नाव नोंदवून मोकळे होत आहेत. आजची गोष्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ती एका अशा माणसाची आहे, जो आपल्याच मुलखातल्या रस्त्यावर, आपल्याच लोकांसमोर धावला आणि ऑलिम्पिकची पहिली मॅरेथॉन जिंकून बसला.

त्याचं नाव स्पिरिडॉन लुईस. जन्म 12 जानेवारी 1873, ग्रीसमधल्या मारुसी या खेड्यात. आज मारुसी अथेन्स शहराचं उपनगर झालं आहे, पण तेव्हा ते शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवरचं स्वतंत्र गाव होतं. घर शेतकऱ्याचं आणि गरिबीचं. शेतीवर भागत नव्हतं म्हणून वडील पाणी विकायचे. मारुसीच्या झऱ्यांचं पाणी चांगलं मानलं जाई आणि अथेन्स शहरात घरोघरी पाणी पोहोचवणारी पुरेशी व्यवस्था तेव्हा नव्हती. तेव्हा मारुसीचं पाणी भरायचं, शहरात न्यायचं, विकायचं आणि परत यायचं, असा हा धंदा. स्पिरोस कळता झाल्यापासून वडिलांच्या मदतीला लागला.

खजाना विहिरीच्या गावात राहणाऱ्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पैठणच्या नाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या प्रत्यक्ष देव होता, अशी कथा आहे. मारुसीचा हा पाणक्या देव वगैरे नव्हता. पण रोज जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आसपास चाल, तीही चढउताराच्या रस्त्यावर, आणि तीही वर्षानुवर्षं, एवढं त्याच्या पायांखालून गेलं होतं. शर्यतीची गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या आधीची ही चाल जास्त महत्त्वाची वाटते.

या चालीने शरीरात काय होतं ते पाहू. दम न लागता, बोलत-बोलत करता येईल अशी हालचाल रोज दीर्घकाळ केली की स्नायूंच्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियांची संख्या आणि आकार वाढतो. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली चूल. प्राणवायू वापरून साखर आणि चरबी जाळायची आणि ऊर्जा तयार करायची, हे तिचं काम. चुली वाढल्या की तेवढ्याच प्राणवायूत जास्त काम होतं. स्नायूंभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून सावकाश ठोक्यांतही भागतं. आणि शरीर साखर जपून ठेवायला, चरबीवर चालायला शिकतं. हे बदल आठवड्यात होत नाहीत, पंधरवड्यात तर नाहीच. हाडं, स्नायूबंध आणि सांधे तर त्याहूनही सावकाश बळकट होतात. दम चार-सहा आठवड्यांत वाढतो, पण घोट्याजवळचा मोठा स्नायूबंध मात्र महिनोन् महिने मागे असतो. नवशिक्या धावपटूंचे गुडघे, नडग्या आणि टाचा नेमक्या याच तफावतीत दुखावतात. लुईसने ही तफावत लहानपणीच, नकळत भरून काढली होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा आहे. लुईसची कथा वाचून कोणी म्हणेल की कष्टाची कामं करणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरजच काय. तसं नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं, दिवसभर कमरेत वाकून कोयता चालवणं, हे शरीराला लावलेलं जू आहे. त्यात विश्रांती आपल्या हातात नसते, वेग आपल्या हातात नसतो, पोटाला पुरेसं आणि वेळेवर मिळेलच असं नसतं. जगभरच्या अभ्यासांतून हेच दिसत आलं आहे की फावल्या वेळातल्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो तितक्या प्रमाणात जड मजुरीने होत नाही, कधी कधी उलटच होतं. व्यायामाचं बळ व्यायाम करताना येत नाही. नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि जेवणात येतं. पाण्याची फेरी लांब होती, पण पोराच्या पायांना तिच्यात चालीची लय सापडली आणि घरी परतल्यावर रात्रीची झोप होती, एवढा फरक फार मोठा ठरतो.

लुईस विशीत सैन्यात गेला. त्या काळी ग्रीसमध्ये तरुणांना काही काळ सैन्यात काढावाच लागे. तिथे त्याच्यावरचा अधिकारी होता पापाडियामांटोपुलोस. पोरगा लांब पल्ल्याला दमत नाही, हे या अधिकाऱ्याच्या नजरेत भरलं होतं. पुढे हाच अधिकारी मॅरेथॉनच्या संयोजनात होता. लुईस शर्यतीपर्यंत पोहोचला त्यात या ओळखीचा वाटा मोठा.

आता ही शर्यत आली कुठून, ते थोडक्यात. 1896 मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू करायचं ठरलं, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषातज्ज्ञाने सुचवलं की मॅरेथॉनच्या मैदानापासून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत ठेवा, जिंकणाऱ्याला चांदीचा चषक मी देतो. यामागे इसवी सनापूर्वी 490 सालची लढाई होती. मॅरेथॉनला पर्शियन सैन्य हरलं, ती बातमी घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत पळत आला आणि विजय सांगून कोसळून मेला, अशी दंतकथा आहे. दंतकथाच म्हणायची, कारण लढाईनंतर काही दशकांनी इतिहास लिहिणाऱ्या हेरोडोटसच्या ग्रंथात ही धाव नाही. तिथे आहे तो लढाईआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेलेला जासूद. ते अंतर मॅरेथॉनच्या पाच-सहा पट भरतं, आणि तो मेला वगैरे नाही. कोसळून मरण्याची गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची. भाषेच्या अभ्यासकाच्या डोक्यातून एवढी घाम गाळणारी कल्पना निघावी, याची मला नेहमी गंमत वाटते.

अंतर होतं सुमारे 40 किलोमीटर. आजचं 42.195 किलोमीटर हे माप 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, आणि ते कायमचं ठरलं 1921 मध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर गेवराईहून निघून बीड गाठायचं आणि तिथून आणखी काही किलोमीटर पुढे जायचं, साधारण एवढी ही शर्यत. रस्ता मात्र गेवराई-बीडसारखा नव्हता. सुरुवातीला समुद्राकाठचा सपाट भाग, मग मध्यावर लांबलचक चढ, तो साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत, आणि मग अथेन्सकडे उतार. मांजरसुंब्याचा घाट पायी चढलेल्यांनी तो चढ अर्धी शर्यत झाल्यावर समोर आल्याची कल्पना करावी.

ग्रीकांनी आपले धावपटू निवडण्यासाठी आधी दोन चाचणी शर्यती घेतल्या. दुसऱ्या चाचणीत लुईस पाचवा आला. म्हणजे ऑलिम्पिकला उतरताना तो ग्रीसचाही सर्वोत्तम धावपटू मानला जात नव्हता. पहिली चाचणी जिंकणारा खारिलाओस वासिलाकोस हा लोकांचा लाडका होता. पण या दुसऱ्या चाचणीची तारीख महत्त्वाची. ती मुख्य शर्यतीच्या दोन-अडीच आठवडे आधी झाली. आजचे प्रशिक्षक काय सांगतात? शेवटची लांब धाव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या, मग हळूहळू कमी करत या, म्हणजे थकवा उतरतो, स्नायूंतल्या बारीक जखमा भरतात आणि साखरेचा साठा पूर्ण होतो. लुईसला हे कोणी शिकवलं नव्हतं. घडलं मात्र तसंच.

शर्यतीच्या आदल्या रात्री त्याने काय खाल्लं यावर एकमत नाही. काही कथांत तो रात्रभर देवापुढे प्रार्थना करत उपाशी राहिला, काहींत त्याने आख्खी कोंबडी संपवली. दोन्ही गोष्टी नंतर रंगवलेल्या असाव्यात. वाचकांनी दोन्हींचं अनुकरण करू नये. आदल्या दिवशी आपली नेहमीची भाकरी किंवा पोळी, भात, वरण, फार तेलकट-तिखट नाही, आणि नवा पदार्थ कोणताही नाही, एवढं पुरे.

10 एप्रिल 1896. दुपारी दोन वाजता मॅरेथॉन गावाजवळच्या पुलावरून सतरा जण सुटले. त्यात तेरा ग्रीक आणि चार परदेशी. सुरुवातीचा इशारा द्यायला उभा होता तोच सैन्यातला पापाडियामांटोपुलोस. परदेशी चौघांपैकी तिघं मध्यम अंतराचे नावाजलेले धावपटू होते. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक याच स्पर्धेत 1500 आणि 800 मीटर जिंकला होता, त्यातली 800 मीटरची अंतिम शर्यत तर आदल्याच दिवशी. अमेरिकेचा आर्थर ब्लेक 1500 मीटरमध्ये दुसरा आणि फ्रान्सचा अल्बां लेर्म्युझियो तिसरा. चौथा होता हंगेरीचा ग्युला केलनर. इतकं अंतर आधी मायदेशी धावून पाहिलेला परदेशी पाहुणा तोच एक.

लेर्म्युझियो सुटला तो वाऱ्यासारखा. निम्म्या वाटेवरच्या पिकेर्मी गावात तो पोहोचला तेव्हा मागच्यांचा पत्ता नव्हता. तिथे मागून आलेला लुईस चक्क थांबला. ओळखीच्या माणसांनी दिलेला वाइनचा पेला घेतला, पुढे कोण किती अंतरावर आहे ते विचारलं आणि आपण सगळ्यांना गाठू अशी खात्री देऊन पुन्हा धावायला लागला. त्याच्या घरच्यांकडून पुढे आलेल्या कथेत वाइनऐवजी ब्रँडीचा घोट आणि अर्धं संत्रं आहे. पेल्यात काय होतं याला फारसं महत्त्व नाही. मद्याने धावायला बळ येत नाही, उलट शरीरातलं पाणी कमी होतं आणि तोल जातो. फायदा झाला असलाच तर संत्र्याचा आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या थांबण्याचा.

पुढच्या वीस किलोमीटरमध्ये जे झालं ते शरीरशास्त्राच्या पुस्तकात चित्र म्हणून छापावं असं आहे. ब्लेक तेविसाव्या किलोमीटरच्या सुमारास शर्यत सोडून बाजूला झाला. लेर्म्युझियो बत्तिसाव्याच्या आसपास संपला. मग फ्लॅक पुढे आला, त्याच्या मागून लुईस जवळ येत राहिला, आणि शहर हाकेच्या अंतरावर असताना फ्लॅकही कोसळला. तो भ्रमात गेला होता, सावरायला आलेल्या माणसावरच त्याने हात उगारला असं सांगतात.

एवढे कसलेले धावपटू बत्तिसाव्या किलोमीटरलाच का संपावेत? हिशेब सोपा आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. चांगलं खाल्लेल्या, सराव असलेल्या माणसातही हा साठा साधारण 1600 ते 2000 कॅलरींचा. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, जवळपास एक कॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 40 किलोमीटरसाठी सुमारे 2400. उरलेली तूट चरबीने भरायची. चरबी आपल्या सगळ्यांकडे मुबलक आहे, काहींकडे जरा जास्तच, पण ती सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर चरबी सोडून साखरेकडे वळतं. सुरुवातीच्या दहा किलोमीटरला उधळलेली साखर तिसाव्याला परत मिळत नाही. ती संपली की पाय शिशासारखे होतात, मेंदूलाही साखर कमी पडू लागते, चिडचिड होते, दिशा कळत नाही. धावपटू याला भिंतीवर आदळणं म्हणतात. फ्लॅकने उगारलेला हात हा स्वभावाचा दोष नव्हता, त्याच्या मेंदूचा दिवा मंद झाला होता.

लुईसचा हिशेब रस्त्याने शिकवला होता. चढ कुठवर आहे, उतार कुठून लागतो, शहर किती लांब आहे, या सगळ्याची त्याला समज होती. चाचणी शर्यतीत या रस्त्यावर तो अलीकडेच धावला होता. आपल्या मुलखात धावण्याचा खरा फायदा हाच असतो. टाळ्या वाजवणारे लोक ओळखीचे असतात हेही खरं आणि त्याने थकव्याची जाणीव कमी होते हेही खरं. पण ओळखीचे लोक दिसले की वेग वाढतो, हा धोकाही घरच्याच रस्त्यावर जास्त. आपल्या गल्लीतून जाताना छाती पुढे काढून पळालेले आणि पुढच्या चौकात पोटरीत गोळा येऊन बसलेले लोक मी पाहिलेले आहेत.

अथेन्सचं पानाथिनाइको हे संगमरवरी स्टेडियम साठ-सत्तर हजार माणसांनी भरलं होतं. बाजूच्या टेकड्यांवर माणसं होती ती वेगळीच. सायकलस्वाराने आणलेल्या पहिल्या बातमीत ऑस्ट्रेलियन पुढे आहे असं होतं आणि लोक हिरमुसले. तोपर्यंत मैदानी खेळांतली एकही शर्यत यजमानांना जिंकता आली नव्हती. ज्या थाळीफेकीवर त्यांनी हक्क सांगितला होता तीही एका अमेरिकनाने नेली होती. मग घोड्यावरून दुसरा निरोप आला की ग्रीक माणूस पुढे आहे. थोड्या वेळाने धुळीने माखलेला, घामाने निथळणारा लुईस दारातून आत आला. राजाचे दोन मुलगे, युवराज कॉन्स्टंटाइन आणि राजपुत्र जॉर्ज, आपल्या जागा सोडून खाली उतरले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी धावत शेवटच्या रेषेपर्यंत गेले. वेळ 2 तास 58 मिनिटं 50 सेकंद. सात मिनिटांनी वासिलाकोस आला. तिसरा आलेला बेलोकास हाही ग्रीकच, पण वाटेत काही अंतर तो गाडीत बसून आला, अशी तक्रार केलनरने केली आणि ती खरी ठरली. तिसरा क्रमांक केलनरला मिळाला. आधी सराव केलेला तो एकटा परदेशी शेवटपर्यंत टिकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी याच रस्त्यावर आणखी एक धाव झाली. स्टामाटा रेविथी नावाच्या एका गरीब बाईला शर्यतीत उतरायचं होतं, बाई म्हणून परवानगी नाकारली गेली. तिच्या पदरी लहान मूल होतं. 11 एप्रिलला ती मॅरेथॉनहून एकटी निघाली आणि साडेपाच तासांच्या आसपास अथेन्सला पोहोचली. स्टेडियममध्ये तिला घेतलं नाही. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन धावायला मिळाली ती 1984 मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. आज भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या आपल्या पोरींकडे पाहताना मला ती बाई आठवते.

लुईसवर भेटींचा पाऊस पडला. कोणी जन्मभर फुकट दाढी करून द्यायला तयार झाला, कोणी फुकट जेवण. राजाने काय हवं म्हणून विचारलं तेव्हा त्याने पाणी वाहायला गाढव जोडलेली गाडी मागितली, असं सांगतात. ही गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकली आहे, कारण ज्याने पाणी वाहिलं आहे त्याला ती खरी वाटते. यानंतर लुईस कधीच शर्यतीत उतरला नाही. मारुसीला परत गेला, शेती केली, पुढे गावात पोलिसाची नोकरी केली.

जरा विषयांतर करतो, पण ते आपल्या घराकडचं आहे. लुईसनंतर चोवीस वर्षांनी, 22 ऑगस्ट 1920 ला, अँटवर्प ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचा एक मराठी मुलखातला धावपटू उभा होता. त्याचं नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा जगातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळ जातात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि भारताचा पहिला संघ ऑलिम्पिकला गेला तो त्यांच्या खटपटीने. अँटवर्पची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची होती. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने ती 2 तास 32 मिनिटांत जिंकली. म्हणजे लुईसपेक्षा पावणेतीन किलोमीटर जास्त धावूनही चौगुले त्याच्यापेक्षा आठ मिनिटं लवकर पोहोचले होते. चौगुल्यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? आणि आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर डोळ्यांपुढे आहे. लहानपणी शाळेसाठी रोज किती तरी किलोमीटर पायपीट, मग सैन्य, आणि सैन्यात धावणं. 2020 मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत धावून त्याने राष्ट्रीय विक्रम केला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं. शाळेची वाट, सैन्य, मग शर्यत. मारुसीच्या पोराचा क्रमही फारसा वेगळा नव्हता.

या तिघांच्या मागे जी वर्षं आहेत ती तीन आठवड्यांत भरून निघत नाहीत, हे पहिल्या परिच्छेदातल्या मित्रांनी लक्षात घ्यावं. चाळिशी ओलांडली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, घरात वडिलांना-भावाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, चालताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि मग नाव नोंदवा. चालण्यापासून सुरू करा. आपली वारकरी मंडळी रोज पंधरा-वीस किलोमीटर चालत पंढरी गाठतात, ती चाल ही उत्तम पायाभरणी आहे, मात्र ती वर्षातून एकदाच करून भागत नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, हा वेगाचा साधा नियम. आठवड्याचं एकूण अंतर थोडं थोडं वाढवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा कमी करा. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हाला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग विसरा. पाणी तहान लागेल तसं प्या. जबरदस्तीने लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊन रक्तातलं मीठ पातळ झालं तर मळमळ, भोवळ आणि क्वचित फिट येण्यापर्यंत वेळ येते. लांब धावेला लिंबू-मीठ-साखरेचं सरबत आपल्याकडे पूर्वीपासून आहेच.

आता पुन्हा लुईसकडे. 1926 मध्ये त्याच्यावर लष्करी कागदपत्रांत खाडाखोड केल्याचा आरोप आला आणि त्याला अटक झाली. ज्याच्याबरोबर राजपुत्र धावले होते तो वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात होता. खटला चालला तेव्हा तो निर्दोष सुटला. वय तेव्हा चोपन्नच्या घरात. नंतर 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला त्याला सन्मानाने बोलावलं गेलं. ग्रीक संघाच्या पुढे, पारंपरिक पोशाखात तो चालला आणि ऑलिंपियाहून आणलेली ऑलिव्हची फांदी त्याने हिटलरच्या हाती दिली. ती शांततेची खूण होती. 26 मार्च 1940 ला लुईस वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि पुढच्या वसंतात जर्मन फौजा अथेन्समध्ये आल्या. ते त्याला पाहावं लागलं नाही.

ब्रेआलचा चांदीचा चषक घरातच राहिला. 2012 मध्ये त्याच्या नातवाने तो लंडनमध्ये लिलावात काढला आणि 5,41,250 पौंडांना तो एका ग्रीक प्रतिष्ठानने घेतला. 2004 चं ऑलिम्पिक जिथे झालं ते अथेन्सचं मोठं स्टेडियम मारुसीतच आहे आणि त्याला स्पिरोस लुईसचंच नाव आहे.

लुईसला अटक झाली त्याच 1926 साली अथेन्सच्या पाण्यासाठी एका धरणाचं काम सुरू झालं आणि 1929 मध्ये ते पुरं झालं. त्याच्या भिंतीला संगमरवर लावलेला आहे. धरणासाठी निवडलेली जागा मॅरेथॉनची होती. मॅरेथॉनचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून अथेन्सला आलं, आणि मारुसीहून पाणी वाहून नेणाऱ्यांचा धंदा बंद झाला.